मॉडची फाइल गायब होतेय? आधी कोणी उचलली ते बघ

कोथरूडच्या एका अकरावीतल्या पोराने विचारलंय, थोडक्यात सांगतो. जीटीए ५ हा गेम आहे, एकट्याने खेळायचा स्टोरी मोडच खेळतो, त्यात मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या, बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या फाइल्स) टाकायचेत म्हणून ते चालवायला लागणारं स्क्रिप्ट हूक डाउनलोड केलं, झिप उघडली की डीइनपुट८.डीएलएल नावाची फाइल दोन सेकंद दिसते आणि गायब होते, तीनदा डाउनलोड करून झालं तरी तेच. मित्र म्हणतोय अँटिव्हायरस बंद कर, सगळे तसंच करतात. लॅपटॉप बाबांचा, त्यावर त्यांचं बँकेचं काम चालतं. "काका, बंद करू का?"

नको करूस. आणि काका म्हणालास ते चालेल, वीस वर्षं पीसी दुरुस्त करतोय, त्याआधी कर्वेनगरला गेमिंग कॅफेत बसायचो, तेव्हा दादा म्हणायचे.

तुझ्या मित्राचा सल्ला म्हणजे उंटावरच्या शहाण्याची गोष्ट, रांजणात रेड्याचं डोकं अडकलं म्हणून आधी डोकं कापलं आणि मग रांजणही फोडला. आणि गंमत म्हणजे त्याने काम होतही नाही. डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, त्याचं रिअल-टाइम प्रोटेक्शन तू बंद केलंस तरी थोड्या वेळाने ते आपोआप चालू होतं, तशीच सोय आहे त्यात, मग तू मॉड टाकून, गेम सुरू करून, मिशनच्या मध्यावर असताना परत ती फाइल उचलली जाते आणि दुसऱ्या दिवशी तू म्हणतोस काल चालत होतं आज काय झालं. माझ्याकडे अशी पोरं येतात ना, ती फाइल दहा वेळा टाकलेली असते, कोण उचलतंय ते एकदाही बघितलेलं नसतं.

तर पहिलं काम ते. विंडोज सिक्युरिटी उघड, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, तिथे प्रोटेक्शन हिस्टरी आहे. तुझी फाइल डिफेंडरने उचलली असेल तर तिथे वेळेसकट नोंद असणार, त्यावर क्लिक केलं की दोन गोष्टी दिसतात, कशाच्या नावाखाली पकडलं ते आणि नेमकी कुठली फाइल, पूर्ण पाथसकट. या दोन ओळींचा फोटो काढून ठेव. तिथे काहीच नसेल तर पकडणारा दुसरा कोणीतरी आहे. लॅपटॉप घेताना बरोबर एखादा ट्रायल अँटिव्हायरस आलेला असतो आणि घरात कोणालाच तो आठवत नसतो. त्याच विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स म्हणून आहे, तिथे कळतं सध्या राखण कोण करतंय. दुसरा अँटिव्हायरस चालू असेल तर डिफेंडर सहसा बाजूला सरकलेला असतो, मग तू डिफेंडरमध्ये कितीही सूट देत बस, फाइल उचलणारा वेगळाच आहे. हे एवढं न बघितल्यामुळे लोकांचे रविवारच्या रविवार गेलेत.

आता तुझीच फाइल का, ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. विंडोजवर कुठलाही प्रोग्राम सुरू झाला की त्याला लागणाऱ्या डीएलएल (कोडच्या तयार फाइल्स) तो आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो, तिथे नसली तर मग विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमध्ये जातो (काही ठरावीक डीएलएलना हे लागू नाही, पण ही त्यातली नाही). खरी डीइनपुट८ सिस्टीम फोल्डरमध्ये असते, कीबोर्ड जॉयस्टिकसाठीची मायक्रोसॉफ्टची जुनी फाइल. मॉडवाल्यांनी काय केलं, त्याच नावाची स्वतःची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली. गेमला वाटतं हीच ती, तो उचलतो, आणि गेमच्या पोटात मॉडचा कोड शिरतो, खऱ्या फाइलचं काम ती पाठीमागे खऱ्या फाइलकडे पाठवून देते त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. म्हणजे दारावर आजोबांच्या नावाची पाटी तशीच आणि दार उघडणारा भलताच. गेमचं चित्र सुधारणारं रीशेड हेच डीएक्सजीआय.डीएलएलच्या नावाने करतं, युनिटीवर बनलेल्या गेम्समध्ये मॉड चालवणारं बेपिनेक्स विनएचटीटीपी.डीएलएलच्या नावाने करतं. आणि पासवर्ड चोरणारे व्हायरससुद्धा अगदी हीच युक्ती वापरतात, अगदी हीच. गेममध्ये फसवणूक करायला ट्रेनर म्हणून मिळतात ते प्रोग्राम तर त्याच्या पुढे, ते चालू गेमच्या मेमरीत बाहेरून लिहितात. आता बाहेरून बघणाऱ्याने दोघांत फरक कसा करायचा? हेतू तर फाइलवर लिहिलेला नसतो.

पूर्वीचे अँटिव्हायरस वेगळ्या पद्धतीने चालायचे. आपल्या पुण्यातच क्विक हील उभी राहिली, कैलाश काटकर रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून पुढे आले आणि भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला, ते नव्वदचं दशक, फ्लॉपीवरून व्हायरस फिरायचे. तेव्हा प्रत्येक व्हायरसचा जणू फोटो काढून ठेवलेला असायचा, फोटोशी जुळला तर चोर. ते अजूनही आहेच, पण रोज इतके नवे नमुने येतात की नुसत्या फोटोवर भागत नाही म्हणून आता चालण्याबोलण्यावरून अंदाज करतात. अंदाज म्हटला की चुकणार. त्यात मॉड बनवणारे हौशी लोक, डिजिटल सहीचं सर्टिफिकेट विकत घ्यायला कोणी पैसे घालत नाही, फाइल छोटी करायला पॅक केलेली, नवीन व्हर्जन कालच आलेलं त्यामुळे जगात ती फार थोड्या मशीनवर पोचलेली. ही प्रत्येक गोष्ट संशय वाढवणारी.

म्हणून त्या हिस्टरीतलं नाव वाच. शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल असं असेल, उदाहरणार्थ वाकाटॅक.बी!एमएल, हे नाव तर मॉडवाल्यांना तोंडपाठ आहे, तर ती मशीन लर्निंगची शंका आहे, नेमका व्हायरस ओळखलाय असं नाही. सुरुवातीला हॅकटूल किंवा पीयूए असेल तर म्हणणं असं की हे हत्यार आहे किंवा नको असलेलं सॉफ्टवेअर आहे, चीट इंजिनसारखी गेमची मेमरी बदलणारी सॉफ्टवेअर्स तिथे येतात. आणि एखाद्या ठरावीक पासवर्ड-चोराचं नाव थेट घेतलं असेल तर हात जोड आणि फाइल जाऊ दे. पण लक्षात घे, एमएल म्हणजे फाइल निर्दोष असंही नाही हां. शंका खरीही निघते. हे उलटं वाचणारे खूप.

गेल्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, म्हणे गेम स्लो चालतोय. उघडून बघतो तर डिफेंडरच्या एक्स्क्लुजनमध्ये, म्हणजे तपासू नको अशा यादीत, अख्खा डी ड्राइव्ह! कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून केलं. आणि डी ड्राइव्हवर एक मॉड मेनू, झिपला पासवर्ड १२३४, पासवर्ड व्हिडिओच्या खाली लिहिलेला. झिपला पासवर्ड का घालतात माहितीये का? ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून, दुसरं कारण नाही. फुकटचा मॉड जगाला वाटायचा आणि त्याला कुलूप लावायचं, कशाला? त्याचं डिस्कॉर्ड आणि स्टीम दोन्ही अकाउंट गेलेले, त्याला वाटत होतं मित्राने मस्करी केली. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर वेगळा कोड) चालू होतं, तरी गेले, कारण हे चोर नुसत्या पासवर्डवर थांबत नाहीत, ब्राउझरमध्ये लॉगिन करून ठेवलेल्या सेशनच्या कुकीज उचलतात, म्हणजे किल्लीची गरजच नाही, उघड्या दारातून आत. विंडोज नव्याने टाकून दिलं, दुसऱ्या मशीनवरून सगळीकडून साइन आउट ऑल डिव्हाइसेस करायला लावलं, मग पासवर्ड बदलायला लावले, या क्रमाने. त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदलला असता तर नवाही गेला असता.

जीटीएमध्येच २०१५ साली अँग्री प्लेन्स आणि नोक्लिप या दोन मॉड्समध्ये कीबोर्डवर काय टाइप होतंय ते टिपणारा प्रोग्राम निघाला होता, फेड.एक्सई नावाने मागे चालायचा. मॉड्स नीट काम करायचे, विमानं खरंच अंगावर यायची, म्हणून कोणाला शंका नाही. २०२३ च्या जूनमध्ये माइनक्राफ्टचं फ्रॅक्चरायझर प्रकरण झालं, कर्सफोर्ज आणि बकिटवरच्या मॉड्स-प्लगइन्समध्ये व्हायरस घुसवला होता, म्हणजे नावाजलेली जागा. त्याच वर्षी नाताळात स्ले द स्पायर या गेमचा डाउनफॉल नावाचा मॉड खुद्द स्टीमवरून अपडेट होताना तासाभरासाठी विषारी झाला होता, बनवणाऱ्यांचं अकाउंटच ढापलं होतं. म्हणून मी कधीच कोणाला सांगत नाही की मॉडवर आलेली वॉर्निंग म्हणजे फॉल्स पॉझिटिव्हच असते. बऱ्याचदा असते. पण तपासल्याशिवाय कळत नाही.

मग तपासायचं कसं. झिप उघडायची नाही, तशीच व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाकायची. तिथे सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं एकाच वेळी ती बघतात. दोन-चार फारशी कोणी न ऐकलेली इंजिनं लाल दाखवतायत आणि नावं जेनेरिक, सस्पिशस, एमएल अशी मोघम, तर घाबरायचं कारण कमी. वीस-पंचवीस लाल आणि त्यात मोठी नावं एकाच चोराचं नाव घेतायत तर विषय संपला. मधलं असेल, म्हणजे आठ-दहा, तर मी काय करतो, दोन-तीन दिवस थांबतो आणि रीअॅनालाइज करतो, म्हणजे तीच फाइल परत तपासायला लावतो, चुकून पकडलेली असेल तर आकडा सहसा खाली येतो, खरी घाण असेल तर वर जातो. घाई कसलीये, गेम कुठे पळून चाललाय. (तिथे बाबांची कागदपत्रं वगैरे कधी टाकू नकोस, टाकलेल्या फाइल्स सुरक्षा कंपन्यांना बघता येतात.)

दुसरं म्हणजे फाइल आली कुठून. स्क्रिप्ट हूक ज्याने बनवलंय त्याची स्वतःची साइट आहे, तिथूनच घ्यायचं. सर्चमध्ये वर येणाऱ्या, पाच ठिकाणी डाउनलोडचं हिरवं बटण असलेल्या साइटवरून नाही. बनवणाऱ्याने शा-२५६ हॅश (फाइलच्या बोटाचा ठसाच म्हण) दिला असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश लिहून पुढे फाइलचा पाथ दे, चौसष्ट अक्षरं येतात ती जुळवून बघ. पहिली चार नि शेवटची चार बघून सोडू नकोस, कॉपी करून शोध.

सगळं ठीक निघालं तर आता सूट द्यायची, पण सुईच्या भोकाएवढी. आधी गेमचं फोल्डर तात्पुरतं एक्स्क्लुजनमध्ये टाक, झिप तिथेच कॉपी करून उघड म्हणजे डाउनलोड्समध्ये उघडून परत पकडली जायला नको, लागणाऱ्या फाइल्स जागेवर ठेव, मग फक्त त्या एका डीएलएलचं फाइल-एक्स्क्लुजन कर आणि फोल्डरचं काढून टाक. काढायचं विसरतात सगळे! फोल्डरला दिलेली सूट आतल्या प्रत्येक फोल्डरला लागू होते, म्हणजे उद्या तू तिथे काहीही आणून टाकलंस तरी कोणी हू की चू करणार नाही. आणि एका फाइलची सूटसुद्धा नावाला नि जागेला असते, आतल्या मजकुराला नाही. मॉडचं नवीन व्हर्जन त्याच नावाने आलं की ते न तपासताच आत, म्हणून अपडेटच्या वेळी व्हायरसटोटल परत करायचं. कंटाळवाणं आहे, मान्य.

एक वेगळा प्रकार पण असतो तो यात मिसळू नको. निळ्या रंगाची चौकट येते, विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी, तो स्मार्टस्क्रीन आहे, त्याने काही व्हायरस पकडलेला नसतो, एवढंच की हा प्रोग्राम फार कोणी चालवलेला नाही. तपासून झालं असेल तर मोअर इन्फो आणि रन एनीवे. तसंच इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज मागे एक न दिसणारी चिठ्ठी चिकटवतं, ही बाहेरून आलीये म्हणून, आणि एक्सप्लोररमधून झिप उघडली की ती चिठ्ठी आतल्या फाइल्सना पण चिकटते. काही मॉड्स त्यामुळे गुपचूप लोडच होत नाहीत, एरर नाही काही नाही. झिपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची टिक, ओके, आणि मग उघडायची. उघडल्यावर टिक करून उपयोग नाही, चाळीस फाइल्सना एकेक करत बसावं लागेल. विंडोज ११ वर अनोळखी प्रोग्राम अडवणारं स्मार्ट ॲप कंट्रोल चालू असेल तर मात्र अडचण आहे, त्यात एका प्रोग्रामला सूट अशी देताच येत नाही. बाबांच्या लॅपटॉपवर ते चालू निघालं तर मी तरी म्हणेन राहू दे चालू, मॉड दुसऱ्या मशीनवर.

मॉड चालतो पण सेटिंग सेव्ह होत नाही, सेव्ह गेम हरवतो, असं झालं तर कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस बघ, रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या खाली आहे. मुळात ते बंद असतं पण कोणी चालू केलं असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही, आणि जीटीएचे सेव्ह तिथेच असतात. तिथे गेमच्या एक्सईला परवानगी द्यायची, अख्खं संरक्षण बंद करायचं नाही. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल आणि ॲक्सेस डिनाइड येत असेल तर त्यात अँटिव्हायरसचा काही संबंध नाही, त्या फोल्डरमध्ये लिहायला ॲडमिनचे हक्क लागतात. प्रत्येक गोष्ट रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करण्यापेक्षा गेमच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलव, मोठ्या लाँचर्समध्ये ती सोय असते.

आणि तुझ्या बाबतीत एवढं सगळं करून फाइल टिकली तरी गेम चालेलच असं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो नाहीतर परत अँटिव्हायरसच्या नावाने ओरडशील. अननोन गेम व्हर्जन असा मेसेज आला तर गेम अपडेट झालाय आणि स्क्रिप्ट हूक मागे राहिलंय, नवीन येईपर्यंत थांबायचं, दुसरा उपाय नाही. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून पीसीवरच्या जीटीए ऑनलाइनला बॅटलआय नावाचं अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना अडवणारा प्रोग्राम, लावलंय, स्टोरी मोडमध्ये मॉड चालवायचे तर गेमच्या कंपनीच्या, रॉकस्टारच्या लाँचरच्या सेटिंगमधून ते बंद करावं लागतं, आणि ते बंद असताना ऑनलाइन जाता येत नाही. हे बरोबरच आहे. अँटी-चीटला चकवणारा बायपास म्हणून कोणी काही देत असेल तर ते घेऊ नकोस, अकाउंट बॅन होणं ही त्यातली छोटी गोष्ट आहे, तसल्या फाइल्समध्ये काय असतं ते हॉस्टेलवाल्या मुलाला विचार. अँटी-चीट अडवतंय आणि अँटिव्हायरस अडवतोय हे दोन वेगळे झगडे आहेत, पहिल्यात तू हरणारच, हरलेलं बरं.

राहिलं बाबांचं बँकिंग. त्या लॅपटॉपवर तुझं वेगळं अकाउंट काढ, स्टँडर्ड, ॲडमिन नाही. गेम तिथून चालव. त्याने काय होतं, तुझ्या अकाउंटमध्ये काही घाणेरडं चाललंच तर बाबांच्या ब्राउझरमधल्या कुकीज आणि पासवर्ड त्याला सरळ वाचता येत नाहीत, त्या फोल्डरचं दार तुझ्या अकाउंटला बंद असतं. शंभर टक्के नाही पण पुष्कळ फरक पडतो. अर्थात एक्स्क्लुजन टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागेल, म्हणजे बाबांना बोलावून, हिस्टरीतलं नाव आणि व्हायरसटोटलचा आकडा दाखवून, हे का करायचंय ते समजावून सांगावं लागेल. ते नाही म्हणाले तर नाही.

आधी हिस्टरीतल्या त्या दोन ओळी पाठव, फोटो चालेल, नाव अर्धं कापू नकोस, शेवटी एमएल आहे की नाही तेच मला बघायचंय.